आहेरात आलेली हिरवी पिशवी

आमच्या गावात लग्नातला आहेर माईकवर वाचतात. मंडपाच्या कडेला एक टेबल असतं आणि टेबलामागे माईक धरून आमचे एक भाऊजी उभे असतात. भांडं आलं, साडी आली, भिंतीवरचं घड्याळ आलं, की भाऊजी ते हातात धरून वर करतात आणि कोणाकडून आलं, काय आलं, किती नग आले, सगळं खणखणीत सांगतात. देणाऱ्याची मान ताठ होते. ज्याचं वाचायचं राहिलं तो जेवत नाही. एका लग्नात तर वरमाईचा सख्खा मामा, त्याचा कुकर वाचला नाही म्हणून तरातरा फाट्यापर्यंत गेला होता. त्याला हातापाया पडून परत आणला आणि तो कुकर पुन्हा वर करून वाचला, तेव्हा कुठे तो पंगतीला बसला. माईकवर वाचलं नाही म्हणजे दिलंच नाही, असा इथला हिशेब.

मी या गावची आशा कार्यकर्ती. लसीची आठवण द्यायची, बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात पोचवायचं, आणि ज्या गोष्टींचं नाव कोणी घेत नाही त्या गोळ्या, तांबी, निरोध यांबद्दल घरोघर बोलायचं, हे माझं काम. देवानं मला आवाज मात्र असा दिलाय की मी कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीत कळतं. माझा नवरा म्हणतो, "तुले माईक लागतच नाई." खरं आहे त्याचं. पण असा आवाज असलेल्या बाईकडे गुपचूप वाटायचं काम यावं, याला काय म्हणावं! मी बोलायला तोंड उघडलं की सासवा आधी दार लावून घ्यायच्या. पाकिटं माझ्या कपाटात तशीच पडून राहायची आणि तारीख उलटली की परत जायची.

तर भाजीवाल्या काकूंच्या मुलाचं लग्न होतं. काकू आमच्याच गल्लीतल्या. त्यांचं शेत ओढ्याकाठी, आणि त्यांच्या सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, अमरावतीच्या मंडीत मान आहे. जुडी अशी बांधतात की दांडीला दांडी लागून उभी राहते. तोंड मात्र तिखट. गिऱ्हाइकानं जुडी उलटीपालटी केली की म्हणतात, "लग्न करतं का तिच्यासंग? घ्यायची तं घे."

नवरी अकोल्याकडची, मूर्तिजापूरच्या पुढची. उंच, काटक, चालायला लागली की बरोबरच्यांना पळावं लागे. पोलीस भरतीची तयारी करत होती. सोयरीक ठरताना काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एक चान्स घेऊ द्या पोरीले. झाली तं झाली. नाई झाली तं मंग घर, वावर, लेकरू." आणि मग लगेच पुढं म्हणाल्या, "पन त्याच्याआंधी लेकरू आलं तं देवाची मर्जी." तिथेच खरी मेख होती. ही देवाची मर्जी आमच्या गावात फार लवकर येते हो. हळद उतरली नाही तोवर येते.

लग्न आमच्याच गावात होतं. आदल्या दिवशी नवरीकडची मंडळी उतरली. नवरीचं डोकं दुखतंय म्हणून मला बोलावणं आलं. मी गोळी दिली, पाणी दिलं. मेंदी ओली होती म्हणून ती हात वर धरून बसली होती. बाकीच्या बाया हळदीला बाहेर गेल्या तशी ती माझ्याकडे सरकली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यापाशी असतात ना वं त्या गोळ्या? मले भरती द्यायची हाये. एकच चान्स हाये मले."

"देतो ना माय," मी म्हटलं. आणि तेही एवढ्या मोठ्यानं की बाहेर हळद लावणाऱ्या बाया थांबल्या. नवरीनं मेंदीचा हात माझ्या तोंडावर ठेवला. त्या मेंदीचा डाग माझ्या हनुवटीवर पुढे आठवडाभर होता आणि सगळ्या गावानं मला त्याचं कारण विचारलं.

नव्या जोडप्याला द्यायची एक हिरवी पिशवी सरकारकडून येते. वरून अगदी आहेरासारखी. आत टॉवेल, रुमाल, आरसा, फणी, टिकल्यांचं पाकीट, आणि त्याखाली निरोध, गोळ्यांची पाकिटं, दिवस गेले की नाही ते बघायची पट्टी. माझ्याकडे थोड्याच पिशव्या होत्या. त्यातली एक मी दुसऱ्या दिवशी लग्नात नेली. ठरवलं होतं की अक्षता पडल्या, बाया पांगल्या की हळूच नवरीच्या हातात द्यायची.

पण लग्नात माझ्यासारख्या बाईला मोकळं कोण ठेवतं! अक्षता पडल्या न पडल्या तोच कोणीतरी माझ्या हातात बुंदीचं पातेलं दिलं आणि मी पंगतीत अडकले. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पिशवी. समोर माझा नवरा उभा. म्हटलं, "अवो, हे नवरीच्या हातात द्या. हातातच द्या बरं. लक्षात ठेवा, हातात."

हा माणूस मंडपात गेला. नवरीभोवती चाळीसेक बाया. त्यांच्यातून वाट काढून नवरीच्या हातात काही देणं त्याच्यानं सात जन्मात झालं नसतं. नंतर मी फाडून खाल्लं तेव्हा म्हणाला, "आता लग्नात द्याची वस्तू म्हनजे आहेरच ना? आहेर कुठी देतेत? टेबलावर." आणि त्यानं तो टेबलावर दिला. वर भाऊजींना सांगितलं, "आमच्या घरून हाये बरं का. वाचजा."

मी पंगतीत बुंदी वाढत होते आणि माईकवर आवाज आला. "आशाताई आनि परिवाराकडून, एक पिशवी!" माझ्या हातातला झारा तसाच राहिला. भाऊजींनी पिशवी वर केली. मग एकेक वस्तू काढायला लागले. "टावेल, एक नग. रुमाल, दोन नग. आरसा, एक नग. फनी, एक नग." मी पातेलं खाली ठेवून धावले. पण पंगतीतून धावणार कुठे? दोन्हीकडे जेवणारे, मध्ये पत्रावळी. मी ओरडले, "भाऊजी, थांबा!" माझा आवाज एरवी फाट्यापर्यंत जातो. त्या दिवशी मात्र माईकपुढे हरला.

"टिकल्या, एक पाकीट," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी पुढचं पाकीट हातात घेतलं, वर केलं, वाचलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. थांबायची वेळ होती ती. पण आयुष्यभर ज्यानं आहेर वाचला त्याला अर्ध्यावर थांबता येत नाही. मामाचा कुकर त्यांना आठवला असेल. गळा खाकरून, त्याच आवाजात, त्याच चालीत ते म्हणाले, "निरोध, एक पाकीट. गर्भ न राहन्याच्या गोळ्या, तीन पाकीटं. आशाताई आनि परिवाराकडून. धन्यवाद!"

मग जो हशा उठला, बाप्पा बाप्पा! बँडवाले हसले, स्वयंपाकी कढईपासून हसत बाहेर आले, नवरदेव हसला, आणि मुंडावळ्यांच्या आड नवरी अशी हसली की तिचा मुकुट वाकडा झाला. माझा नवरा मात्र मंडपाच्या खांबामागे गेला तो जेवणापुरताच बाहेर आला. आणि एक बाई हसत नव्हती. काकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात. हातात ती पिशवी. "काय वं आशाबाई," त्या म्हणाल्या, "भरल्या मांडवात इज्जतीचा फालुदा केला आमच्या. पोरगी आत्ता घरात आली, अन् तू लेकरू नका होऊ देऊ म्हनून माईकवर सांगून राहिली?"

"काकू, म्या नाई सांगितलं. हे आमच्या घरच्यायनं..."

"घरच्यायले काय माईत? पिशवी तुयी." आणि पिशवी माझ्या ओसरीवर ठेवून त्या तणतणत गेल्या. मी उघडून बघितली. गोळ्या होत्या, निरोध होते, पट्टी होती. टॉवेल, रुमाल, आरसा, फणी, टिकल्या नव्हत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच त्यांच्या मागे गेले. "काकू, परत द्याची तं पुरी द्या ना! टावेल कुठी हाये?"

काकू वळून म्हणाल्या, "टावेलाचा काय गुन्हा?"

मला हसू आलं. काकूंना नाही आलं. निदान त्यांनी दाखवलं नाही.

आता पाकिटं माझ्याकडे आणि पोरगी काकूंच्या घरात. मला त्या घराचं दार बंद. पण ती पोरगी धावायची ना! देवदर्शन आटोपून आली आणि तिसऱ्याच दिवसापासून उजाडताना धावायला लागली. ट्रॅकपँट, वर नवऱ्याचा शर्ट, हातात हिरवा चुडा. गावातून निघायचं, ओढ्याच्या पुलावरून भातकुलीच्या रस्त्याला लागायचं आणि परत. तो रस्ता माझ्या दारावरून जातो. मी सडा टाकायच्या निमित्तानं उभी राहिले. ती आली. मी हात पुढे केला. तिनं न थांबता माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि गेली. शर्यतीत पाण्याची बाटली घेतात तसं. पुढच्या वळणावर तिनं मागे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. चुडा खणखण वाजला. मला एवढा आनंद झाला की उरलेलं सड्याचं पाणी मी कोंबड्यांच्या अंगावर टाकलं. गोळी कशी घ्यायची, विसरली तर काय करायचं, हे मी तिच्यासोबत दोन दिवस पुलापर्यंत धावत धावत सांगितलं. म्हणजे ती धावत होती. मी सांगत होते आणि धापा टाकत होते.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. मला वाटलं होतं, आता मला कोणी दारात उभं करणार नाही. झालं उलटंच. चार दिवसांत एक बाई आली, नाक फुगवून. "काहो आशाताई, त्यायच्या लग्नात पिशवी देली. आमच्या पोरीच्या लग्नात काहून नाई देली? आमी काय परके हाओ?" मी म्हटलं, "अवं, तुमी दारच लावून घेतलं होतं." ती म्हणाली, "माईकवर कुठी वाचली तुमी?" मग दुसरी आली. मग तिसरी. मानपानाचा प्रश्न झाला तो! एका म्हातारीनं तर तिच्या मुलीसाठी पिशवी मागितली, जिचा मुलगा दहावीत आहे. मी म्हटलं, "आज्जे, तिले आता काय कामाची?" म्हातारी म्हणाली, "ते ती पाहीन. आहेर राह्यला नाई पाहिजे."

रुसवे काढता काढता मी ज्या बोलण्यासाठी वर्षानुवर्षं दारं ठोठावली ते बोलणं ओसरीवर बसून, चहा पीत होऊ लागलं. पिशवी घ्यायला आलेली सासू विचारायची, "अन् हे खालचं काय वं?" की मी सुरू. कोणी गोळ्या नेल्या, कोणी तांबी बसवायला माझ्यासोबत दवाखान्यात आली, एक जोडपं तर दोघंही आलं. माझा नवरा ओसरीवरून उठून गोठ्यात राहायला गेल्यासारखा झाला. म्हणायचा, "मीच केलं हे. अन् मलेच बसाले जागा नाई." आणि मनातून मात्र इतका खूश, की कोणी दिसलं की लग्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगायचा.

पण या सगळ्यात माझं कपाट रिकामं झालं. खडखडाट. मी घाबरले नव्हते. भरतीचं मैदान, म्हणजे धावण्याची परीक्षा, उन्हाळ्यात होतं आणि पोरीची पाकिटं तेवढी पुरत होती. आणि मग भरती पुढे ढकलली. पावसाळा होऊ द्या म्हणाले.

त्या दिवशी ती धावता धावता माझ्या दारात पहिल्यांदा थांबली. "ताई, शेवटचं पाकीट हाये," म्हणाली. "अर्धं झालं."

मी म्हटलं, "तू धाव. मी पाहतो." आणि दवाखान्यात गेले. तिथला औषधं देणारा माणूस चांगला आहे, माझ्या आवाजाला घाबरतो, पण चांगला आहे. त्यानं कपाट उघडून दाखवलं. रिकामं. "ताई, वर मागनी टाकली," म्हणाला. "पन मांगच्या साली तुमच्या गावात जेवढं गेलं तेवढंच येते. मांगच्या साली गेलंच काय? सारं परत केलं होतं ना तुमी." आता बोला! कोणी घेत नव्हतं म्हणून परत गेलं, परत गेलं म्हणून आता येत नाही. मी त्याच्यावर ओरडले, त्याच्या कपाटावर ओरडले, बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहून कोणावर ओरडू ते सुचेना म्हणून लिंबावर ओरडले. राग असा येत होता की डोळ्यांत पाणी. सगळ्या गावाला वाटप केलं, आणि जिच्यासाठी पिशवी नेली होती तिच्यासाठीच नाही.

तिला म्हटलं, "नवऱ्याले सांग. तालुक्याले मेडिकल हाये. तवर दवाखान्याबाहेरच्या पेटीतले निरोध हायेत, ते वापरजा." नवरा गुणी. शेताचा माल मंडीत नेतो तो लोडिंग ऑटो त्याचाच. तो लगेच गेला. मेडिकलमध्ये शिरला तर काउंटरवर त्याचा मामा. सख्खा मामा, त्या दुकानात नुकताच कामाला लागलेला. "काय पाहिजे भाच्या?" पोरगं खोकल्याचं औषध घेऊन परत आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं, तर डोकेदुखीचा बाम घेऊन आलं. तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. मग म्हणाली, "ताई, एकच चान्स हाये."

त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसून फोन लावत होते. बडनेऱ्याच्या आशाला लावला, तिच्याकडे नाही. अजून दोघींना लावला, त्यांच्याकडे नाही. मी फोनवर बोलत होते असं मला वाटत होतं. खरं म्हणजे गल्लीला ऐकवत होते. "अवं, पोरीचं पाकीट संपून राह्यलं! भरती हाये तिची! खंड पडला तं साऱ्या मेहनतीची माती!" पलीकडे काकू त्यांच्या अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. भिंत कमरेएवढी. फोन ठेवला तेव्हा मला ते दिसलं. काकूंनी वर बघितलं नाही. सुतळी दातांनी तोडली, पुढची जुडी घेतली. मला वाटलं, संपलं. आता पोरीचं धावणं बंद होणार.

दोन दिवस पोरगी खरंच दारावरून गेली नाही. मी कोणत्या तोंडानं विचारणार? तिसऱ्या दिवशी सकाळी मंडीतून ऑटो परत आला आणि काकू सरळ माझ्या ओसरीवर. हातात सांभाराची एक जुडी. "घे," म्हणाल्या.

"काकू, सांभार हाये माह्याकडं."

"घे म्हनलं ना. सोड ते."

मी सुतळी सोडली. दांड्यांच्या मधोमध, ओल्या फडक्यात, प्लास्टिकमध्ये बांधलेली गोळ्यांची पाकिटं. तीच, आमचीच, सरकारी. मी तारीख बघितली, नाव बघितलं. सगळं बरोबर. काकू बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या.

मंडीत पहाटे सगळीकडच्या बाया येतात. तिवशाच्या, बडनेऱ्याच्या, ओढ्यापलीकडच्या. काकूंनी माल उतरवला आणि शेजारच्या मेथीवालीला सरळ विचारलं, "तुमच्याइकडं त्या गोळ्या भेटतेत काय वं?" मेथीवालीनं कानावर हात ठेवले. काकू दुसरीकडे गेल्या, तिसरीकडे गेल्या. वांग्यांवाली हसली. पालकवाली म्हणाली, "या वयात?" काकू म्हणाल्या, "माया नाई वं बैताडे, सुनेले!" शेवटी तिवशाकडची एक फुलवाली म्हणाली, तिची पुतणी त्यांच्या गावची आशा आहे, आणि तिच्या घरी पाकिटांचा ढीग पडून आहे, कारण तिथे कोणी घेत नाही. दुसऱ्या दिवशी पुतणीनं शेवंतीच्या टोपलीत पाकिटं पाठवली. फुलवालीनं ती काकूंकडे दिली, काकूंनी जुडीत बांधली.

मी म्हटलं, "पन काकू, तुमीच तं..."

"हाव, मीच," काकू म्हणाल्या. "मी सकायी वावरात असतो तं ती पुलावरून धावत जाते. रोज पाहतो मी तिले. अशी धावते, अशी धावते, का मी विळा हाती घेऊन उभी राहून जातो." मग त्यांनी सोडलेली सुतळी उचलून बोटाला गुंडाळली. "मी पंधराची होती तवा शाळेत पयला नंबर होता माया धावन्यात. वाटी भेटली होती स्टीलची. त्याच साली लग्न झालं. मंग एकाच्या मांगं एक लेकरू. कडेवर एक, पोटात एक. त्याच्यानंतर मी धावली नाई वं आशाबाई. एकडाव बी नाई."

मी रडायला लागले. मी मोठ्यानं बोलते तशी मोठ्यानंच रडते. काकू म्हणाल्या, "बोंबलू नको, गाव गोया होईन," आणि त्यांचेही डोळे भरले होते.

"मंग दोन दिवस पोरगी कुठी होती?"

"पाय मुरगळला होता तिचा. हळद लावून बसवलं म्या तिले. उद्या येईन धावत. तिले हे देजो. अन् म्या आनलं म्हनून नको सांगू."

मी काय, सांगितलंच. माझ्या पोटात राहतं थोडंच!

तेव्हापासून आमचं दुकान लागलं. ज्या गावात पाकिटं पडून असायची तिथली मेथीच्या पेंडीत, फुलांच्या टोपलीत, काकूंपर्यंत यायची, काकूंकडून माझ्याकडे. तिवशाची आशा आणि मी फोनवर बोलून घ्यायचो, दवाखान्यातल्या माणसाला कळवायचो. तो आधी म्हणाला असं चालत नाही. मग म्हणाला, बरं, तुम्ही पाठवा, मी दोन्हीकडे नोंद करून घेतो. पुढच्या मागणीत आमच्या गावाचं जास्त आलं. कपाट भरलं. तरी काकूंनी जुडी बंद केली नाही. म्हणाल्या, "सरकारी गाडीचा काय भरवसा? मंडी रोज भरते."

पावसाळ्यानंतर मैदान झालं, अमरावतीत. आम्ही सगळे लोडिंग ऑटोत मागे बसून गेलो. आत सोडत नाहीत, म्हणून तारेच्या कुंपणाबाहेर उभे. मुलींची आठशे मीटरची तुकडी सुटली आणि आमची पोरगी आम्हाला दिसली. तिसरी होती, मग दुसरी. मी "धाव वं माय" म्हणून जी आरोळी ठोकली ती आत सगळ्यांनी ऐकली, कारण एका साहेबानं वळून बघितलं. आणि माझ्या शेजारी काकू नव्हत्या. बघते तर काकू कुंपणाच्या बाहेरून, नऊवारी खोचून, चपला हातात घेऊन, सुनेच्या बरोबरीनं धावत होत्या. कुंपण संपलं तिथे थांबल्या. पोट धरून हसत होत्या. असं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पोरगी लागली. यादीत नाव आलं तेव्हा काकूंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, "माया सुनेचं झालं," आणि कोणाचं काय झालं हे समजायला बाकीच्यांना दोनदा विचारावं लागायचं, कारण आमच्या गावात सुनेचं झालं म्हणजे एकच गोष्ट असते.

ती ट्रेनिंगला अकोल्याला गेली. पुढच्या लग्नसराईत शेजारच्या गल्लीत लग्न निघालं तेव्हा रजा काढून आली. वर्दी घालून नाही, साडी नेसून आली. मी हिरवी पिशवी घेऊन गेले होते. आता ती मी स्वतःच टेबलावर ठेवते. भाऊजींनी ती उचलली, माईक तोंडाशी नेला, आणि काकू पुढे झाल्या. "भाऊजी, ते इकडं द्या," म्हणाल्या. भाऊजींच्या हातातून आजवर कोणी माईक घेतला नव्हता. त्यांनी दिला.

काकूंनी माईक तोंडाच्या अगदी जवळ धरला. आधी नुसताच फुरफुर आवाज आला. मग म्हणाल्या, "टावेल, एक. रुमाल, दोन. आरसा, फनी, टिकल्या." मंडपात मागे बसलेली पोरं खुसखुसली. काकू थांबल्या नाहीत. "निरोध. गोळ्या, तीन पाकीटं. हे संपल्या तं आशाबाईकडं भेटतेत. तिच्याकडं नसल्या तं मंडीत मी सांभारापाशी बसतो, मले सांगजा. लाजू नका." आता कोणी हसत नव्हतं. काकूंनी ते पाकीट पिशवीत परत ठेवलं. माईक भाऊजींना द्यायला हात पुढे केला, आणि पुन्हा मागे घेतला.

"माया लग्नात कोनं वाचलं नव्हतं हे," त्या म्हणाल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं माझा हात घट्ट धरला. माईकमधून काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी गळा खाकरला आणि म्हणाल्या, "जेवल्याबिगर कोनी जाऊ नका."